दारातला अंदाज

प्रिय पिटुकले,

तुझं पत्र परवा आलं. उभ्याउभ्याच फोडलं आणि मग वाचायला बसावं लागलं. तू लिहिलंस, "बाबा, मी तुमचं नाव घालवलं. जमलं तर माफ करा." बाकीचं पत्र छान होतं, मावशीच्या त्या आगाऊ कुत्र्याबद्दलचं तर फारच, पण त्या एका ओळीच्या पुढे मी बराच वेळ गेलोच नाही. उत्तर लिहायला घेतलं तर पहिल्याच कागदावर मी तुला क्षमा करून मोकळा झालो होतो. कशी, तर सुरेख, उदार, बापाला शोभेल अशी. वाचून पाहिली आणि माझी मलाच शिसारी आली. तो कागद फाडला. हा दुसरा आहे. याचं अक्षर वाईट आहे, आणि यात क्षमा कुणी कुणाला करायची ते तू शेवटपर्यंत वाचल्यावर ठरव.

आधी घरची खबर. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. लग्न झाल्यापासून ज्या शांततेची मी वाट पाहत होतो ती एकदाची आली, आणि आता ती मला खायला उठते. आमचा कारभार वस्तूंच्या मार्फत चालतो. चहाचा कप आदळला तर तो माझा, अलगद ठेवला तर तिचा. बाथरूमचा नळ गळतोय हे मला नळाखाली ठेवलेल्या बादलीवरून कळलं, आणि मी तो दुरुस्त केल्याचं तिला बादली उचलून ठेवल्यावरून. शेजारच्या काकूंना मात्र ती तासन्‌तास सगळं सांगत असते, भिंत पातळ असल्यामुळे मलाही ऐकू येतं, आणि ते मला ऐकू जावं म्हणूनच ती भिंतीशी उभी राहते असा माझा संशय आहे. तुझ्या खोलीतला पंखा तिने पुसून ठेवलाय. तू येशील की नाही हे ती विचारत नाही. मीही विचारणार नाही.

या पत्रात मला एका खेळाबद्दल लिहायचंय. तुला आठवतो, पण तुला तो खेळणाऱ्याच्या बाजूने आठवतो. मी तो सुरू करणारा. तू दुसरी-तिसरीत असताना शाळा सुटली की आई तुला माझ्या ओपीडीत सोडून तिच्या शिकवण्यांना जायची. तुला ते फिरतं स्टूल दिलेलं असायचं, पाय जमिनीला पोचायचे नाहीत. कंटाळून तू गरागरा फिरायचीस आणि पेशंटना चक्कर यायची, म्हणून मी खेळ काढला: माणूस दारातून आत आला की खुर्चीत बसेपर्यंत ओळखायचं, याला काय होतंय. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. चाल कशी आहे, हात कुठे धरलाय, जिना चढून आल्यावर धाप किती लागलीय. मग तू माझ्या कानात सांगायचीस, "बाबा, या काकांचा उजवा गुडघा," आणि निघायचाच उजवा गुडघा. एकदा तू एका आजींना बघून म्हणालीस, या आता रडणार आहेत. त्या बसल्या आणि रडल्या. त्या दिवशी मी घरी येऊन आईला सांगितलं की पोरगी माझ्यावर गेलीय. आई म्हणाली, "जाऊ दे, पण माणसांकडे बघताना जरा पापणी लववत जा म्हणावं." तिला तो खेळ पहिल्यापासून आवडला नव्हता. तिला माझं काहीच आवडत नाही असं समजून मी ते सोडून दिलं.

खेळात वाईट काही नव्हतं, घोटाळा तिथेच आहे. बघता यायलाच हवं. पण वर्षं जातात तसा हात बसतो, आणि हात बसला की माणूस बघणं सोडून देतो. मी विद्यार्थ्यांनाही तो खेळ शिकवला. वॉर्डच्या दारात त्यांना उभं करायचो आणि म्हणायचो, आत जायचं नाही, इथूनच सांगा. सुरुवातीला ते गुडघा, धाप, कावीळ सांगायचे. मग कधीतरी, कधी ते मला नेमकं सांगता येणार नाही, आम्ही काय दुखतंय ते सोडून माणूस कसा आहे ते सांगायला लागलो. हा रजेच्या कागदासाठी आलाय. ही नवऱ्याला घाबरवायला आलीय. याला काही झालेलं नाही, याला घरी कुणी विचारत नाही. पोरं हसायची. बरोबरही यायचं बरेचदा, आणि चुकायचं तेव्हा कोण मोजत होतं? दुसऱ्या युनिटमधली मुलंही "सरांचा दारातला अंदाज" ऐकायला यायची. मला ते आवडायचं, पिटुकले. फार आवडायचं. व्याख्यानाला टाळ्या मिळत नाहीत, पण दारात हशा मिळतो.

कालव्यापलीकडच्या लोकांबद्दलची ती म्हण माझीच. तुला वाटत असेल ती हॉस्पिटलच्या भिंतींतूनच आलीय, कारण वॉर्डबॉयपासून डीनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. नाही, ती मी केली, तुझ्या जन्माच्याही आधी, एका राउंडला. कापडाच्या गिरण्या कालव्याच्या पलीकडे, गिरणीतली माणसंही पलीकडेच, आणि ती आली की कॅज्युअल्टीत गलका. एकाला लागलं की दहा येणार, दहाही एकदम बोलणार, आणि ज्याला लागलंय तो सगळ्यांच्या वर ओरडणार. त्या दिवशी मी विद्यार्थ्यांना म्हटलं, "कालव्यापलीकडचं दुखणं म्हणजे चार आण्याची कळ, बारा आण्याची बोंब." हशा पिकला. दुसऱ्या दिवशी मी ते पुन्हा म्हटलं. आता गंमत बघ. गिरणीच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काम केलं की कान जातात आणि माणूस मोठ्यानं बोलायला लागतो, हा धडा मी दर वर्षी शिकवतो, परीक्षेत त्यावर प्रश्नही काढतो. एकाच तोंडाने मी तोही शिकवत होतो आणि हेही.

आता त्या मुलीबद्दल. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण तुझ्या पत्रात तू तिचा उल्लेख "ती केस" असा केलायस, आणि तो शब्दही तू माझ्याकडूनच उचललास. तुझ्याच वयाची. गिरणीत रिळं बदलायच्या कामावर. दुपारी थोरल्या जावेबरोबर आली, पोट धरून, ओकत आणि ओरडत. कॅज्युअल्टीत ड्युटीवर डॉक्टर म्हणून तू होतीस. दारातून तू पाहिलंस: पलीकडची, आवाज मोठा. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलंस तर ती गप्प, जावेशी बोलतेय, केस सारखे करतेय. मग पुन्हा ओरडा. तू दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलंस आणि तिला भिंतीकडच्या बाकावर बसवलंस. अंडाशयाला पीळ पडला की असंच होतं. पीळ सैल झाला की कळ थांबते, आवळला की जीव जातो. संध्याकाळी दुसऱ्या पाळीच्या डॉक्टरांनी तिला ऑपरेशनला नेलं तोवर ते काळं पडलं होतं. काढून टाकावं लागलं. आणि दुसऱ्या बाजूचं तर लहानपणीच एका गाठीपायी काढलेलं होतं. पोटावर त्याचा व्रण होता, आडवा, हातभर अंतरावरून दिसेल असा. कापड वर करून कुणी पाहिलं असतं तर कळलं असतं, की या बाईकडे एकच उरलंय आणि घाई करायला हवी. आता तिला मूल होणार नाही. लग्नाला पुरतं वर्षही झालेलं नाही.

मग आपली बुधवारची चुकांची बैठक. तीही मीच सुरू केलेली. माझ्या पराक्रमांना तोटा नाही. ज्याच्या हातून चूक झाली त्याने फळ्याजवळ उभं राहून काय झालं ते सांगायचं, कुणी ओरडायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत, आणि शेवटी मी एकच प्रश्न विचारायचा: हे तुला कोणी शिकवलं? चूक पोरकी नसते, तिचे आईबाप शोधा, असं मी मोठ्या ऐटीत सांगायचो. त्या प्रश्नापायी कितीतरी ज्येष्ठांची शिकवण्याची खोड सुधारली, हे खरं आहे. त्या बुधवारी तू उभी राहिलीस. हात मागे बांधले होतेस, शाळेत कविता म्हणताना बांधायचीस तसे. सगळं नीट सांगितलंस, काही लपवलं नाहीस, व्रणाचंही सांगितलंस. मी आपली मुलगी म्हणून तुला सूट देतोय असं कुणाला वाटू नये म्हणून इतरांना विचारतो त्याहून जरा कडकच आवाजात विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" तू माझ्याकडे पाहिलंस. थोडा जास्त वेळ पाहिलंस, असं आता वाटतं. आणि म्हणालीस, "कोणी नाही, सर."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायलाच हवं, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. मला अभिमान वाटला. म्हटलं, पोरीने दुसऱ्यावर ढकललं नाही, कणा आहे. घरी येऊन व्यवस्थित जेवलो. तू खोलीचं दार लावून बसली होतीस आणि मी आईला सांगत होतो की चूक मोठी झाली खरी, पण आपल्या मुलीने सगळं स्वतःवर घेतलं. आईने ताट उचलता उचलता विचारलं, "आणि तुम्ही काय घेतलंत?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, मी का घेऊ, मी कुठे होतो तिथे? तेव्हापासून ती बोलत नाही. दोन दिवसांनी तू राजीनामा लिहून माझ्या टेबलावर ठेवलास आणि मावशीकडे गेलीस. मी तुला सोडायला स्टेशनवर आलो, पाण्याची बाटली घेऊन दिली, आणि "धीर सोडू नकोस" असं काहीतरी, कॅलेंडरवर छापतात तसलं, बोललो.

पुढच्या आठवड्यात नव्या तुकडीला घेऊन वॉर्डच्या दारात उभा होतो. कोपऱ्यातल्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ कण्हत होते, जोरजोरात, नातवाला हाका मारत. मी नेहमीसारखं म्हटलं, सांगा. एक मुलगी पुढे झाली, चुणचुणीत, मागच्या वर्षी माझ्याकडे पहिली आलेली. डोळे मिचकावून, अगदी माझ्या सुरात, मी जिथे थांबतो तिथे थांबून ती म्हणाली, "सर, कालव्यापलीकडचे. चार आण्याची कळ, बारा आण्याची बोंब." सगळे हसले आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी. आजोबांच्या उशाशी त्यांची सून बसली होती. तिनेही आमच्याकडे पाहिलं. तिला शब्द ऐकू गेले की नाही ठाऊक नाही, पण हसू ऐकू गेलं. ती उठली, सासऱ्यांच्या तोंडावर हलकेच हात ठेवला आणि म्हणाली, "हळू कण्हा, मामंजी. डॉक्टर आलेत." पिटुकले, आमच्या समोर माणसाने कण्हायचंही हळू. मला तिथे उभं राहवेना. मुलांना चहाला पाठवलं. ती चुणचुणीत मुलगी मागे थांबून विचारत होती, "सर, चुकलं का काही?" आणि मी तिला, या दाराशी शिकवून शिकवून केस पिकवलेला माणूस, "नाही, नाही, डोकं दुखतंय" असं खोटं सांगून निसटलो.

निसटून कुठे जाणार? त्या गिरणीतल्या मुलीच्या वॉर्डात गेलो. जखमेत पू झाल्यामुळे तिला अजून ठेवून घेतलं होतं. तोवर मी तिला एकदाही भेटलो नव्हतो. माझी पेशंट नव्हती ना. ती जावेशी बोलत होती, पाणी मागत होती, आणि तेही अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. शेजारच्या पलंगावरची बाई हसून म्हणाली, "अगं, पाणी माग, गाव जागं करू नकोस." तीही हसली. मी माझं पद सांगितलं, बसलो, आणि ठरवून आणलेली वाक्यं बोललो: हॉस्पिटलला खेद आहे, चौकशी झाली आहे, संबंधित डॉक्टरने चूक मान्य केली आहे. संबंधित डॉक्टर! तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाई वाईट नव्हत्या हो. पहिल्यांदा तर मला मशीनवर न्यायलाच निघाल्या होत्या. चाकाची खुर्चीपण मागवली होती. मग दाराशी जाऊन कुणाला तरी फोन लावला. पलीकडून कुणीतरी हसलं, मोठ्यानं, मलाही ऐकू आलं. मग त्याही हसल्या, आणि खुर्ची परत गेली." मी "बरं" म्हणालो. खरंच, "बरं" एवढंच म्हणालो, आणि तिची नाडी पाहून निघालो. जिन्यापाशी आलो आणि माझे पाय थांबले.

मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो, नाही का ग? तोंडाला फेस होता म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला होता. तू म्हणालीस, "बाबा, कालव्यापलीकडची एक बाई आलीय, पोटात दुखतंय, मध्येच थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, मला काही बरं दिसत नाही. सोनोग्राफीला पाठवू का?" आणि मी ती म्हण म्हटली. न्हावी खो खो हसला, वस्तरा बाजूला धरून हसला. तो हसला म्हणून मी भरीला आणखी एक टाकली, मध्येच थांबतंय ना, मग खरं दुखणं सुट्टी घेत नाही ग बाई. मग तूही हसलीस. मी दाढी पुरी करून घरी आलो. हे मी विसरलो होतो असंही म्हणवत नाही, कारण विसरायला ते आधी लक्षात राहावं लागतं. ते इतकं रोजचं होतं, पान उलटावं तसं. मी जिन्यावरून परत फिरलो आणि त्या मुलीला सांगितलं की हसणारा मी होतो, आणि त्या बाई माझी मुलगी. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने जावेला पडदा ओढून घ्यायला सांगितलं, आणि तेवढं मात्र तिने अगदी हळू सांगितलं.

म्हणून हे पत्र. येत्या बुधवारी फळ्याजवळ मी उभा राहणार आहे. डीनना तसं सांगितलंय. ते म्हणाले, कशाला उकरून काढता, प्रकरण मिटलंय. मी तिथे फोनचं सांगितलं, की मग तू बैठकीत खरं बोलली नव्हतीस हेही सगळ्यांना कळणार. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून घाईने लिहिलं. तुझा राजीनामा मी पुढे पाठवलेला नाही. अडवून ठेवायचा मला अधिकार नाही. बुधवारनंतर तू सांगशील तसं करीन. तुझी चूक मी माझी म्हणून उचलून नेणार नाही. कापड वर करून पोट पाहायला मी काही तुला अडवलं नव्हतं, ते तुझं तुला वाहावं लागेल, आणि त्या मुलीला भेटायचं की नाही तेही तूच ठरवायचं. पण माझं नाव तू घालवलं नाहीस, बाळा. ते तू झाकलंस. सगळ्या हॉस्पिटलसमोर हात मागे बांधून, माझ्या डोळ्यांत बघून, मी स्वतःहून पुढे होतो का त्याची वाट बघून झाल्यावर, झाकलंस. माझ्यासाठी खोटं बोलायची वेळ तुझ्यावर आली याचं दुःख आहे, पण ते कधीतरी कमी होईल. कमी होणार नाही ती लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे. तू "कोणी नाही" म्हणालीस, आणि मला ते खरं वाटलं.

तुझाच, सर म्हणून नव्हे,
बाबा